चुंबक, हवा आणि पाषाण

लोहचुंबक लोखंडाला ओढतो, ही गोष्ट शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच मुलांना ठाऊक होते. पुढे चुंबकाविषयीचे आपले कुतूहल बहुधा तेथेच थांबते. लोखंडाला ओढणारा हा चुंबक लाकडाला, पाण्याला, दगडाला किंवा ज्या हवेत आपण श्वास घेतो त्या हवेला काय करतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर 'काही करीत नाही' असे उत्तर मिळते. व्यवहारापुरते ते पुष्कळदा चालून जाते. पण ते खरे नाही. चुंबकाचा ज्याच्यावर काहीच परिणाम होत नाही असा पदार्थ नित्याच्या व्यवहारात सापडावयाचा नाही. परिणाम कोणत्या प्रकारचा आणि किती, एवढाच काय तो भेद. हा 'किती'चा विचार सुटला म्हणजे एकीकडे भाबडेपणा आणि दुसरीकडे निष्काळजीपणा वाढतो, आणि दोहोंची किंमत माणसाला मोजावी लागते. म्हणून, श्रोतेहो, आज या विषयाची थोडी ओळख करून घेऊ.

जबलपूर शहरात बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांत तिची ख्याती आहे ती तेथे मिळालेल्या डायनोसॉरच्या अवशेषांमुळे. चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात तेथे संशोधन केले होते. आपल्याला मात्र तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. टेकडीजवळच १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आहे. म्हणजे पोलादाचे आगर. टेकडीच्या अंगात लमेटा थरांचा चुनखडक आहे. नर्मदेवरील लमेटा घाटावरून या थरांना ते नाव मिळाले. आणि माथ्यावर आहे काळा पाषाण. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हारसाचे बनले, त्याच दख्खनच्या महान ज्वालामुखी उद्रेकांतील हा खडक. पोलाद, चुनखडक आणि काळा पाषाण असे तीन पदार्थ एका नजरेच्या टापूत आले, आणि या सर्वांना वेढणारी हवा हा चौथा. चुंबकाशी या चौघांचे वागणे चार तऱ्हांचे आहे.

पोलाद चुंबकाकडे झेपावते. चुनखडकाला चुंबक लावला तर काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो अगदी किंचित दूर सारला जातो. भेडाघाटचा शुभ्र संगमरवरही याच वर्गातला. काळा पाषाण चुंबकाला चिकटत नाही खरा. पण अशा खडकाचा मोठा तुकडा होकायंत्राच्या सुईजवळ नेला तर ती पुष्कळदा थोडीशी हलते. नर्मदेच्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरवला असता त्याच्या टोकाला काळ्या कणांची मिशी फुटते. ते कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. अमरकंटक आणि मंडल्याकडून येताना काळ्या पाषाणाच्या मुलखातून नदीने ते झिजवून आणलेले असतात. राहिली हवा. तिचे वागणे सर्वांत नाजूक आणि, माझ्या मते, सर्वांत मनोवेधक आहे.

हवेविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. चुंबक टाचणीपासून दूर नेला की ओढ नाहीशी होते. तेव्हा मधली हवा ती ओढ अडवीत असली पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. पण दोष हवेचा नाही, अंतराचा आहे. हवा काढून घेतलेल्या काचपात्रात हाच प्रयोग केला तरी ओढ तितकीच कमी होईल. लहानशा चुंबकापासून त्याच्या लांबीच्या मानाने बरेच दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, तर चुंबकीय क्षेत्राचा जोर निम्मा न होता एक-अष्टमांश उरतो; टाचणीवरची प्रत्यक्ष ओढ तर त्याहूनही झपाट्याने घटते. कागद, लाकडी फळी, काच किंवा आपला तळहात मध्ये धरून पाहावा. तेवढ्याच अंतरावर ओढ तेवढीच राहते. याला अपवाद लोखंडी पत्र्याचा. तो चुंबकाच्या रेषा स्वतःच्या अंगात वळवून घेतो आणि पलीकडे फारसे काही पोहोचू देत नाही. हवेतून मात्र या रेषा जणू निर्वात पोकळीतून जाव्यात तशा जातात. निर्वात पोकळी आणि हवा यांतील फरक दहा लाखांत अर्ध्या भागाहूनही कमी भरतो. तो इतका अल्प आहे, पण शून्य नाही. आणि या 'शून्य नाही'मध्येच पुढची सारी कथा दडलेली आहे.

ती समजण्यासाठी पदार्थांचे तीन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८४५ च्या नोव्हेंबरात लंडन येथे एका बलवान विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये जड काचेचा तुकडा टांगला, तेव्हा तो ध्रुवांपासून दूर सारला जातो असे त्यास आढळले. मग त्याने हाती येईल तो पदार्थ पारखावयास घेतला, आणि चुंबकत्व ही केवळ लोखंडाची मिरास नसून सर्व द्रव्याचा गुण आहे, हे सिद्ध केले. जे पदार्थ किंचित दूर सारले जातात त्यांना आपण प्रतिचुंबकी म्हणतो. तांबे, चांदी, सोने, पाणी, मीठ आणि संगमरवर हे सारे या वर्गात मोडतात. बिस्मथ या धातूत हा गुण विशेष ठळक आहे. जे किंचित ओढले जातात ते समचुंबकी. ॲल्युमिनियम व प्लॅटिनम ही त्यांची उदाहरणे. आणि लोखंड, निकेल व कोबाल्ट यांसारखे जोराने ओढले जाणारे पदार्थ लोहचुंबकी होत.

या भेदाचे मूळ अणूंतील इलेक्ट्रॉनांत आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकच असतो. बहुतेक पदार्थांत त्यांच्या जोड्या जमलेल्या असतात आणि जोडीतील दोघे एकमेकांचा प्रभाव पुसून टाकतात. अशा पदार्थाजवळ बाहेरचा चुंबक आला की इलेक्ट्रॉनांच्या गतीत विरोधी स्वरूपाचा सूक्ष्म बदल होतो आणि पदार्थ दूर सारला जातो. ज्या पदार्थांत काही इलेक्ट्रॉन एकटे राहिलेले असतात, ते चुंबकाकडे वळू पाहतात. पण उष्णतेमुळे अणूंची जी अखंड धडपड चालू असते ती त्यांना पुनःपुन्हा विस्कटते. जत्रेच्या गर्दीत कोणी हाक मारली तर चार-दोन माणसे मान वळवून पाहतात, तसा हा प्रकार. लोखंडात मात्र शेजारशेजारच्या अणूंचे चुंबक एकमेकांना धरून एका दिशेने उभे राहतात; ती कवायतीला उभी राहिलेली पलटण होय. ही पलटणही फार तापवली की मोडते. पियेर क्यूरी यांनी १८९५ मध्ये दाखविले की समचुंबकी पदार्थाचा गुण तापमान वाढेल तसा घटतो. आणि लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला आपले लोहचुंबकत्व गमावून बसते.

या ज्ञानाचा घरगुती उपयोगही आहे. स्टीलचे भांडे घेताना पुष्कळ लोक खिशातला चुंबक लावून पाहतात आणि तो चिकटला नाही तर भांडे उत्तम समजतात. निकेल पुरेसे घातलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. उलट, चुंबक ज्याला चिकटतो असे निकेलविरहित स्टील मुळातच वाईट असते असेही नाही. विजेच्या इंडक्शन चुलीवर तर चुंबक चिकटणारे बूडच लागते. सोन्याचीही तीच कथा. दागिन्याला चुंबक चिकटला तर त्यात लोहचुंबकी धातू आहे हे कळते. पण चिकटला नाही म्हणून तो सोन्याचा ठरत नाही, कारण तांबे व पितळही सहसा चिकटत नाहीत. चुंबकाची 'नाही' ही साक्ष फार अपुरी असते.

आता हवेकडे येऊ. १८४७ मध्ये इटलीतील जेनोआचे प्राध्यापक बांकालारी यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत धरली, तेव्हा ती बाजूला ढकलली जाते असे दिसून आले. ही वार्ता कळताच फॅरडेने वायूंचा अभ्यास हाती घेतला. साबणाच्या फुग्यांत निरनिराळे वायू भरून ते चुंबकाजवळ कसे वागतात हे त्याने पाहिले, आणि वायूंमध्ये प्राणवायू चांगलाच समचुंबकी आहे असे त्यास आढळले. प्राणवायूच्या प्रत्येक रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात, हे त्याचे कारण पुढे विसाव्या शतकात उलगडले. नायट्रोजनमध्ये सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे तो किंचित प्रतिचुंबकी आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि त्याची ओढ नायट्रोजनच्या विरोधाहून पुष्कळ अधिक असते. म्हणून एकंदर हवा समचुंबकी ठरते.

ज्योतीचे कोडेही यावरून सुटते. ज्योतीतील तप्त वायूंत प्राणवायू कमी आणि उष्णता अधिक. सभोवारच्या थंड हवेत प्राणवायू भरपूर. चुंबक त्या थंड हवेला स्वतःकडे ओढतो आणि ती ज्योतीची जागा बळकावते. पाण्यात बुडवलेले लाकूड वर येते ते जसे पाण्याच्या अधिक भारामुळे, तशी ही ज्योत बाहेर जाते ती हवेच्या अधिक ओढीमुळे. प्राणवायूची ही ओढ डोळ्यांना प्रत्यक्ष दिसावी अशी इच्छा असेल तर तो उणे १८३ अंशांखाली नेऊन द्रवरूप केला पाहिजे. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये असा फिकट निळा द्रव चुंबकाजवळ नेला, तेव्हा तो उसळून ध्रुवांना जाऊन चिकटला.

या शोधानंतर फॅरडेच्या मनात एक मोठी कल्पना आली. होकायंत्राची सुई दिवसाच्या प्रहरांप्रमाणे अगदी सूक्ष्म प्रमाणात इकडेतिकडे सरकते, हे पूर्वीच ठाऊक होते. सूर्याच्या उन्हाने हवा तापते, तापल्याने तिच्यातील प्राणवायूचे चुंबकत्व कमी होते आणि त्यामुळेच सुई हलत असावी, असे त्याने मांडले. कल्पना सुंदर होती. पण मोजमापाच्या कसोटीला ती उतरली नाही. तापलेल्या प्राणवायूचा परिणाम त्या मानाने फारच तोकडा पडतो. बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचविले की हे हेलकावे वातावरणाच्या उंच थरांत वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांमुळे होत असावेत, आणि पुढे तेच खरे ठरले. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युत्भारित झालेली विरळ हवा वाऱ्याबरोबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरते, तिच्यात प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रभाव खाली आपल्या सुईवर पडतो. म्हणजे हवा सुई हलवते हे फॅरडेचे म्हणणे खरे होते. कोणती हवा आणि कशी, हे मात्र त्याला सापडले नव्हते.

हे सूक्ष्म हेलकावे टिपण्याचे काम आपल्या भूमीवर फार काळ निष्ठेने चालत आले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी ही नाजूक मोजमापे बिघडतील हे ओळखून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली. तेथे १९०४ मध्ये काम सुरू झाले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. अलिबागची इमारत बांधताना एक पथ्य पाळण्यात आले. कुलाबा जिल्ह्यात काळ्या पाषाणाला तोटा नव्हता, तरी तो टाळून चुंबकीय दोष नसलेला पोरबंदरचा दगड मुद्दाम आणविण्यात आला आणि लोखंडाऐवजी तांब्या-पितळेचे सामान वापरण्यात आले. ज्या हेलकाव्यांचे मोजमाप घ्यावयाचे ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे एक-हजारांश एवढेच असतात. तेथे भिंतीतला दगडही खोटी साक्ष देऊ शकतो.

त्या काळ्या पाषाणाची साक्ष मात्र दुसऱ्या एका बाबतीत अमोल ठरली. लाव्हारस थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद आपल्या अंगी कायम करून घेतात. दख्खनचे हे लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या या नोंदी वाचून प्रसिद्ध केल्या. लाव्हा ओतला गेला त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असा अर्थ त्यांतून निघाला. भूखंडे सरकतात हे अनेक विद्वान मानावयास तयार नव्हते, त्या दिवसांत या मुक्या दगडांनी दिलेला हा मोठा पुरावा होता.

आता 'किती' या प्रश्नाकडे वळू. कारण माणसाच्या हिताअहिताशी तो निगडित आहे. जबलपूरच्या परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आतबाहेर असते. रुग्णालयातील एमआरआय यंत्रांपैकी पुष्कळांचे क्षेत्र १५,००० गाउस असते, म्हणजे तीस हजार पटींहून अधिक. नेदरलँड्समध्ये १९९७ साली शास्त्रज्ञांनी १,६०,००० गाउसच्या क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगत ठेवला. बेडकाच्या अंगातील पाणी प्रतिचुंबकी असल्याने ते शक्य झाले. पण त्यासाठी पृथ्वीच्या तीन लाख पटींहून अधिक जोर लागला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग मनगटावर बांधलेले चुंबकाचे कडे रक्तातील लोह खेचून रक्ताभिसरण सुधारते, या जाहिरातींचे काय? रक्तातील लोह हे लोखंडाच्या किसासारखे नसून हीमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. पॉलिंग व कोरियेल यांनी १९३६ मध्ये दाखविले की प्राणवायूशी जोडलेले हीमोग्लोबिन प्रतिचुंबकी असते. म्हणजे असे ताजे रक्त चुंबकाकडे धावत नाही, उलट किंचित दूर सारले जाते. कड्यातील चुंबकाच्या कितीतरी पट जोरदार अशा एमआरआय यंत्रात रुग्ण अर्धा-अर्धा तास निजून असतो. तरी त्याचे रक्त एका बाजूला ओढले जात नाही. जे काम त्या महाकाय चुंबकाला जमत नाही, ते मनगटावरच्या चकतीला जमेल असे मानावयास आधार नाही. अशा कड्यापायी कोणी पैसे घालविले तर तो तोटा सोसवेल. त्याच्या भरवशावर औषध बंद केले, तर तो सोसवणार नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट निष्काळजीपणाची. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक प्राणवायूचे धातूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्राचा चुंबक बहुधा अहोरात्र चालू असतो. रुग्णाची तपासणी संपली म्हणून त्याची ओढ थांबत नाही. सिलिंडर यंत्राकडे खेचले गेले, त्याबरोबर तो तरुणही खेचला गेला आणि प्राणास मुकला. चुंबकाने ओढले ते आतल्या वायूला नव्हे, तर तो वायू ज्यात भरतात त्या पोलादाला. म्हणूनच अशा खोलीत लोहचुंबकी नसलेल्या मिश्रधातूचे सिलिंडर वापरावयाचे असते. दाराशी किल्ल्या, नाणी, केसांतील आकडे काढून ठेवावयास सांगतात आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा आहे काय, असे विचारतात, तेही याच कारणाने. त्या प्रश्नांची उत्तरे विचारपूर्वक द्यावीत, आणि तंत्रज्ञाने बोलावल्यावाचून आत पाऊल टाकू नये.

आणि त्याच प्राणवायूची ती अल्पशी ओढ योग्य हाती पडली म्हणजे जीवरक्षकही ठरते. १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी पाणबुडीतील हवेत प्राणवायू किती उरला हे सांगणारे एक उपकरण रचले. हलक्या तंतूवर टांगलेल्या काचेच्या दोन लहान पोकळ गोळ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलेल्या; सभोवारच्या हवेत प्राणवायू जितका अधिक, तितक्या त्या ध्रुवांमधून अधिक बाहेर ढकलल्या जातात. ज्योत बाहेर ढकलली गेली तोच हा न्याय. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासात प्राणवायू पुरेसा आहे की नाही, हे सांगणारी आजची अनेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

तेव्हा चुंबकाविषयी कोणी काही सांगू लागले, तर श्रोतेहो, तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. समोरचा पदार्थ तिहींपैकी कोणत्या वर्गातला? चुंबक त्याच्यापासून किती अंतरावर? आणि त्या चुंबकाचा जोर किती? या प्रश्नांना उत्तरे मिळाली की विकणाऱ्याचा दावा पारखता येईल, भांड्याची परीक्षा कोठवर विश्वसनीय हे कळेल, आणि रुग्णालयातील त्या बंद दारावरची सूचना का लिहिली आहे, हेही नीट उमगेल.